दाढेचं मूळ मोजू द्या

रूट कॅनॉल करायला आलेला माणूस खर्च विचारतो, दुखेल का म्हणून विचारतो, किती खेपा घालाव्या लागतील तेही विचारून घेतो. मुळाची लांबी किती भरली, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारावं, असं माझं दातांचा डॉक्टर म्हणून सांगणं आहे. आणि विचारणं जमलं नाही तरी निदान डॉक्टर मोजत असतील तेव्हा त्यांना नीट मोजू द्यावं. केलेली दाढ दोन वर्षांत पुन्हा सुजली की ‘रूट कॅनॉल काही टिकत नाही’ म्हणून सगळे मोकळे होतात. त्यातल्या कितीतरी दाढांची गोष्ट एक-दोन मिलिमीटरच्या हिशोबापाशी येऊन थांबते.

दाढ रात्रीची ठणकायला लागली, गरम चहानं कळ मस्तकात जायला लागली, म्हणजे कीड बहुधा आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. आपण जिला नस म्हणतो तो खरं तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ मांस यांचा मिळून झालेला गाभा असतो. दाताच्या पोटातून तो प्रत्येक मुळातल्या अरुंद नळीत उतरतो आणि टोकाजवळच्या बारीकशा छिद्रातून जबड्याच्या हाडाला जाऊन मिळतो. रूट कॅनॉल करताना हा सडलेला गाभा काढायचा, नळ्या घासून-धुऊन साफ करायच्या आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं घट्ट बंद करायच्या. सांगायला एवढंच. पण नळीचं वरचं तोंड कसंबसं दिसतं आणि पुढचं काहीच दिसत नाही. कुठं थांबायचं ते आकड्यावरून ठरवावं लागतं.

हा आकडा पाठ करून ठेवता येत नाही. खालची पहिली मोठी दाढ वरच्या टोकापासून मुळाच्या टोकापर्यंत सरासरी २१ मिलिमीटरच्या आसपास भरते, वरचा सुळा २६-२७ पर्यंत जातो. पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या दाढेत फरक निघतो. एवढंच काय, एकाच दाढेच्या तीन नळ्यांच्या तीन लांब्या असतात. मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि नेमकं कुठवर मोजायचं, यातही मेख आहे. नळी टोकाच्या छिद्राशी पोचण्याआधी एका जागी सगळ्यात अरुंद होते. साफसफाई आणि भराई थांबवायची ती तिथं. त्यापुढे दात संपतो आणि जिवंत शरीर सुरू होतं. मेक्सिकोतल्या युरी कुटलर यांनी मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९५५ साली लिहून ठेवलं, की ही अरुंद जागा छिद्रापासून साधारण अर्धा मिलिमीटर आत असते आणि उतारवयात हे अंतर थोडं वाढतं. छिद्रही पुष्कळदा मुळाच्या अगदी टोकावर नसतं, जरा बाजूला सरकलेलं असतं. वय वाढतं तसा टोकावर हाडासारखा थर चढत जातो आणि ते आणखी सरकतं. म्हणजे एक्स-रेवर मुळाचं टोक दिसतं तिथंच नळी संपते, असं धरून चालत नाही.

आखूड काम झालं तर काय होतं? शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सडका गाभा आणि जंतू तसेच राहतात. वरून सिमेंट, त्यावर कॅप, सगळं छान दिसतं. नस गेल्यामुळे ठणकाही थांबलेला असतो. मग सहा महिन्यांनी, कधी चार वर्षांनी, हिरडीवर पुटकुळी येते, दाबलं की पू येतो. उलट काम लांबलं, फाइल टोकाबाहेर गेली, तर आतली घाण आणि जंतू हाडात ढकलले जातात. दुसऱ्या दिवशी गाल सुजून माणूस येतो तो बऱ्याचदा याच कारणानं. नळी धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी टोकाबाहेर गेलं तर भयंकर जळजळ होते आणि झपाट्यानं सूज चढते. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला टेकलेली असू शकतात. खालच्या दाढांखालून ओठाला संवेदना देणारी मोठी नस जाते. भराईचा मसाला तिच्यावर गेला तर ओठ बधिर राहू शकतो. असं क्वचित होतं, पण होतं.

आकड्यांत पाहायचं तर स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातला १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या शिक्षणात आवर्जून सांगतात. रूट कॅनॉल केलेले रुग्ण त्यांनी ८ ते १० वर्षांनी पुन्हा बोलावून तपासले. ज्या मुळांची नस मेलेली होती आणि टोकाशी हाडात आधीच रोग होता, त्यांत भराई टोकापासून २ मिलिमीटरच्या आत थांबलेली असेल तर ९४ टक्के मुळं बरी झाली होती. टोकाबाहेर गेलेल्यांत ७६ टक्के, आणि २ मिलिमीटरहून जास्त आखूड राहिलेल्यांत ६८ टक्के. म्हणजे लांबी चुकली की दात गेलाच असं नाही. पण शंभरातली पंचवीसेक मुळं बरी होणं किंवा न होणं एवढ्याशा अंतरावर अवलंबून असेल, तर त्या अंतरासाठी दहा मिनिटं जास्त बसायला हरकत नसावी.

मोजतात कसं, ते समजून घ्या, म्हणजे खुर्चीत बसल्यावर काय चाललंय ते कळेल. दाढ बधिर करून वरून वाट पाडली, नळ्यांची तोंडं सापडली, की डॉक्टर एक बारीक फाइल घेतात. बहुतेकदा जांभळ्या मुठीची, दहा नंबरची. तिच्या टोकाची जाडी एक दशांश मिलिमीटर. फाइलवर रबराची एक छोटी चकती असते, वर-खाली सरकणारी. एक वाकडी तार तुमच्या ओठाच्या कोपऱ्यात अडकवतात, दुसरी वायर फाइलला लावतात आणि फाइल हलकेच खाली नेतात. बाजूला ठेवलेल्या छोट्या यंत्रातून बीप बीप ऐकू येतं. टोक जवळ आलं की बीप घाई करायला लागते, पडद्यावरच्या रेघा खुणेच्या जागी येतात. तेव्हा डॉक्टर चकती दाढेच्या एका ठरावीक टोकाला टेकवतात, फाइल बाहेर काढून स्टीलच्या पट्टीवर धरतात आणि सहायिकेला सांगतात, ‘पुढची गालाकडची, साडेएकोणीस.’ ती कार्डावर लिहिते. मग पुढची नळी.

ते ‘ठरावीक टोक’ही लिहून ठेवायचं असतं. लांबी मोजली गालाकडच्या टोकापासून, आणि पुढच्या खेपेला ते टोक चावताना लागतं म्हणून घासून टाकलं, तर कार्डावरचा साडेएकोणीस खोटा ठरतो. वाकड्या मुळांची आणखी एक गंमत. नळी रुंद करत जावं तशी तिच्यातली वाट थोडी सरळ होते आणि लांबी किंचित कमी होते. म्हणून जागरूक डॉक्टर मध्येच पुन्हा मोजतात. ‘मघाशी मोजलं होतं ना?’ असं त्यांना विचारू नका. तोंडात एवढं सगळं असताना विचारणं तसंही कठीणच.

यंत्राला वायर जोडलेली बघून आमच्याकडच्या आज्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

‘करंट बसंल का रं डागतर?’

‘नाही बसत, आजी. बॅटरीवर चालतं हे. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.’

‘मग व्हटाला आकडा कशापायी?’

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर जपानमध्ये सापडलं. १९४२ साली सुझुकी या संशोधकानं कुत्र्यांवर प्रयोग करताना पाहिलं, की तोंडातली आतली त्वचा आणि मुळाभोवतीचं पातळ आवरण या दोहोंमधला विजेचा रोध जवळजवळ स्थिर असतो. १९६२ मध्ये सुनादा यांनी हेच माणसांत वापरून दाखवलं. रोध साधारण साडेसहा हजार ओहम. दात कोणता, माणसाचं वय काय, यानं त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून ओठाला एक टोक, फाइलला दुसरं. फाइल मुळाबाहेरच्या आवरणाला शिवली की मंडल पुरं होतं आणि यंत्राला कळतं. सुरुवातीची यंत्रं नळीत जरा पाणी किंवा रक्त असलं की गोंधळून जायची. १९९० च्या दशकात पुन्हा जपानमध्येच दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांचा प्रवाह एकदम वापरून त्यांचं गुणोत्तर पाहायची युक्ती निघाली, आणि ओल्या नळीतही आकडा भरवशाचा येऊ लागला. आज दवाखान्यात दिसणारे एपेक्स लोकेटर, म्हणजे वर सांगितलेली यंत्रं, बव्हंशी याच तत्त्वावर चालतात. नीट वापरले तर बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर खरा आकडा देतात.

नीट वापरले तर, हे महत्त्वाचं. फाइल जुन्या चांदीच्या भरणाला किंवा धातूच्या कॅपला टेकली, दाढेत लाळेचं डबकं साचलं, नळी जुन्या भराईनं बुजलेली असली किंवा मुळाला चीर असली, की यंत्र भलतंच सांगतं. लहान मुलांच्या नव्या दाताचं टोक अजून उघडं असतं, तिथंही ते फसतं. म्हणून नुसत्या बीपवर विसंबायचं नसतं. फाइल आत ठेवून किंवा भराईची पहिली काडी बसवून एक एक्स-रे काढून ताळा करायचा असतो.

आणि इथंच आपली मंडळी अडून बसतात. ‘मागच्याच आठवड्यात काढला की! किती एक्स-रे काढताय?’ एक रूट कॅनॉल म्हटलं की सुरुवातीचा एक, मोजणीचा एक, भराईनंतरचा एक, इतके तरी लागतातच. मुळं एकावर एक दिसत असतील तर एक्स-रेचं नळकांडं तिरकं करून आणखी एखादा. दिवा खाली-वर केला की सावली लांब-आखूड होते, तसंच या चित्राचं आहे. एका कोनातून घेतलेल्या चित्रावर लांबी ठरवणं म्हणजे अंदाजपंचे काम.

किरणांची भीती कुठून आली तेही सांगतो, कारण ती निराधार नव्हती. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स या दंतवैद्यानं १८९९ च्या सुमारास, म्हणजे एक्स-रेचा शोध लागून पुरती चार वर्षं झाली नव्हती तेव्हा, नळीत शिशाची तार घालून तिचा एक्स-रे काढला आणि तार कुठवर पोचली ते पाहिलं. मुळाची लांबी मोजण्याची ही पद्धत आजही आपण वापरतो. पण त्या काळी किरणांपासून बचाव कसा करायचा हे ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं किरणांत हात घालून काम केल्यामुळे केल्सची बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. आजची गोष्ट निराळी. संगणकावर दिसणाऱ्या आरव्हीजी पद्धतीत दाताच्या एका छोट्या एक्स-रेला लागणारी किरणं आपल्याला माती, हवा आणि आकाशातून आपोआप दिवसभरात मिळणाऱ्या किरणांच्या घरातली असतात. गरोदर बाईनं मात्र आधी सांगावं. मग जे टाळता येण्यासारखं आहे ते पुढं ढकलता येतं, आणि तातडीचं असेल ते शिशाचा एप्रन घालून करता येतं. दिवस गेलेत म्हणून दाढेतला पू तसाच ठेवणं शहाणपणाचं नाही.

छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. नव्या यंत्रांमुळे अडचण आल्याचं सहसा दिसत नाही, तरी डॉक्टरला हृदयाच्या डॉक्टरशी एकदा बोलून घेता येतं, नाहीतर एक्स-रेवर काम भागवता येतं.

मोजणीला मदत करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रबर डॅम, दाढेभोवती ताणून बसवतात तो रबराचा पातळ पडदा. पुष्कळांना त्यानं गुदमरल्यासारखं वाटतं आणि ते तो काढायला लावतात. पाच मिनिटं नाकानं शांत श्वास घ्या, सवय होते. त्यानं लाळ आत येत नाही, म्हणून यंत्राचा आकडा बिघडत नाही, लाळेतले जंतू साफ केलेल्या नळीत उतरत नाहीत आणि हातातून सुटलेली फाइल घशात जात नाही. दाताच्या कामात इतकी कमी किंमत आणि इतका उपयोग असलेली दुसरी वस्तू मला माहीत नाही. दुर्दैवानं तो न लावणारे दवाखानेही भरपूर आहेत. तुम्ही मागितलात तर कदाचित कपाटातून बाहेर निघेल.

आता डॉक्टरला विचारायचं काय? ‘डॉक्टर, लांबी यंत्रावर मोजली की एक्स-रेवर?’ इतकं साधं विचारा. दोन्हींवर मोजली म्हणाले तर उत्तम. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट समोरच्याला आपल्या कामाची किंमत कळते म्हणून बरं वाटतं. काम संपल्यावर शेवटचा एक्स-रे मोबाइलवर मागून घ्या. मुळात एक पांढरी रेघ खाली गेलेली दिसेल. ती टोकाच्या जरा अलीकडे, दोन मिलिमीटरच्या आत थांबलेली असावी आणि मध्ये काळी फट नसावी. मुळं तीन असतील तर रेघाही निदान तीन मोजा. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत पुष्कळदा चौथी नळी लपलेली असते. ती सुटली तर बाकीच्या तीन कितीही अचूक मोजल्या तरी दाढ त्रास देऊ शकते.

मात्र तो फोटो घेऊन लगेच दुसऱ्या डॉक्टरकडे ‘बघा हो, चुकलंय का’ म्हणत धावू नका. उतारवयात नळी आत चुन्यानं बुजते आणि फाइल खाली जातच नाही. अशा वेळी जोर करून मूळ फोडण्यापेक्षा आखूड थांबणं शहाणपणाचं असतं. टोकाबाहेर मसाल्याचा एखादा पांढरा ठिपका गेलेला दिसला तरी बहुतेकदा शरीर तो पचवतं. तुम्हाला शंका असेल तर ज्यांनी काम केलं त्यांनाच आधी विचारा. कारण सांगता येत असेल तर ते सांगतील. सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा एक्स-रे काढला की हाड भरून येतंय की नाही ते दिसतंच.

एका खेपेत उरकून द्या, असा आग्रह धरणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. एका बैठकीत रूट कॅनॉल होऊ शकतं, पुष्कळदा चांगलं होतं. पण ते दाढ बघून डॉक्टरनं ठरवायचं. संध्याकाळी सहाला लग्नाला जायचं आहे म्हणून पाचला येऊन बसलेल्या माणसाच्या दाढेत सगळ्यात आधी कुठं काटछाट होते, तर मोजणीत.

पण घाई करणाऱ्यांपेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती गायब होणाऱ्यांची. पहिल्या खेपेला नस काढली, ठणका थांबला, की माणूस परत फिरकत नाही. दाढेत कापूस आणि वरून तात्पुरतं सिमेंट असतं. ते काही आठवड्यांचं. पुढे ते झिजतं, फटीतून लाळ आत झिरपते, साफ केलेल्या नळ्या पुन्हा नासतात. शेतीची कामं, परीक्षा, दिवाळी, कारणं खरी असतात, पण दाढेला ती कळत नाहीत. आठ महिन्यांनी तो माणूस येतो तेव्हा दाढेची अर्धी भिंत तुटलेली असते. जिथून मोजलं होतं ते टोकच राहिलेलं नसतं, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, तेही करता आलं तर. गाव बदलणार असाल, मुंबईहून कोकणात किंवा कोकणातून पुण्याला जाणार असाल, तर जुन्या डॉक्टरकडून लांबीच्या आकड्यांची नोंद आणि एक्स-रे मागून घ्या. नवा डॉक्टर पुन्हा मोजेलच, पण आधीचे आकडे हातात असले की बुजलेली किंवा सुटलेली नळी त्याच्या लवकर लक्षात येते.

पैशांची अडचण खरी आहे, ती नाकारत नाही. खासगी दवाखान्यात रूट कॅनॉल आणि कॅप मिळून होणारा खर्च अनेक घरांना झेपत नाही, आणि मग दाढ उपटून मोकळं होतात, नाहीतर बाजारात बसून दात करणाऱ्या बिनपरवाना माणसाकडे जातात. त्यापेक्षा मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय, सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, यांच्या ओपीडीत जा. तिथं काम बरंचसं विद्यार्थी करतात, म्हणून लोक बिचकतात. वेळ लागतो, दोन-तीन खेपा जास्त होतात, हेही खरं. पण तिथं मोजणीचा एक्स-रे शिक्षकाला दाखवल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढं जाता येत नाही. शिक्षक ‘अर्धा मिलिमीटर कमी आहे, पुन्हा मोज’ म्हणून परत पाठवतात आणि विद्यार्थी निमूटपणे परत येऊन फाइल घालतो. घाईनं काम उरकणाऱ्या माणसाच्या हातापेक्षा तुमची दाढ तिथं जास्त सुरक्षित असते.

ज्यांची दाढ आज अर्धवट उघडून ठेवलेली आहे, त्यांनी हा अंक बाजूला ठेवून दवाखान्यात फोन करावा आणि याच आठवड्यातली वेळ घ्यावी. जाताना जुना एक्स-रे आणि कार्ड पिशवीत टाका, सकाळी पोटभर खाऊन जा, रक्तदाबाची, साखरेची गोळी चालू असेल तर ती चुकवू नका आणि तिचं पाकीटही सोबत न्या.